डोकऱ्याचा कंप

१४ मे १९९७, बुधवार, संध्याकाळचे साडेपाच. सुरतेच्या लिंबायतमध्ये नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला असताना लोटू मिस्त्रीच्या बँडमधलं सगळ्यात जुनं वाद्य बंद पडलं.

आधी आवाज बसला, मग हातगाडीवरच्या कर्ण्यांमधून नुसती खरखर आली आणि तीही थांबली. ढोल-ताशा वाजतच होते, त्यामुळे पुढे नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. वाजवणारा कुंदन पट्ट्या दाबत राहिला. जनरेटर धडधडत होता, पण वाद्यावरचा तांबडा दिवा विझला होता. लोटूने मागे वळून भुवया उडवल्या. कुंदनने दोन्ही हात वर केले. तेवढ्यात वरातीतल्या एका म्हाताऱ्याने पान थुंकून विचारलं, "काय भो, डोकरा मरना का?" बाजूचे चार जण हसले. कुंदनला हसू आलं नाही.

डोकरा म्हणजे अहिराणीत म्हातारा. गुजराती शेजाऱ्यांनाही शब्द समजायचा, म्हणून गल्लीभर तेच नाव पडलं. दुकानदार त्याला सिंथेसायझर म्हणत, बँडवाले कॅसिओ म्हणत. पट्ट्या असलेल्या कुठल्याही विजेच्या वाद्याला ते कॅसिओच म्हणत. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, वर आवाज बदलायला सरकवायच्या पट्ट्यांची रांग, आणि एका वेळी एकच सूर. दोन बोटं ठेवली तरी वाजणार एकच. नव्या वाद्यांत आवाज आधीच भरून ठेवलेले असतात, बटण दाबलं की बाहेर. डोकऱ्याचं तसं नव्हतं. आत जाणारी वीज वाकवून-तापवून तो जागच्या जागी आवाज तयार करायचा, आणि म्हणून त्याचा आवाज रोज थोडा वेगळा असायचा. उन्हात चढायचा, सकाळच्या गारव्यात उतरायचा. बँडचा क्लॅरिनेटवाला निघण्याआधी त्याचा सूर ऐकूनच स्वर लावायचा. कुठल्याही वरातीला जायच्या आधी डोकरा अर्धा तास चालू करून ठेवायचा, ही बँडची रीत होती. त्याला लोटू 'डोकऱ्याला चहा पाजणं' म्हणे.

डोकरा सुरतेत आणला तो कुंदनच्या बापाने, उखाने. १९८२ साली, बँडच्या पैशांनी, मुंबईतल्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून. उखा पारोळ्याकडचा. बारा तास यंत्रमागावर उभं राहायचं आणि लग्नसराईत मेहुण्याच्या, म्हणजे लोटूच्या, बँडमध्ये वाजवायचं, असा त्याचा अकरा वर्षांचा शिरस्ता. मग कान गेले. मागांवर काम करणाऱ्यांचे जातातच. कुणाचे लवकर, कुणाचे उशिरा. उखाचे पूर्ण गेले. आता तो भिंतीला टेकून बसायचा आणि समोरच्याच्या ओठांकडे बघायचा. बोलायचा मोठ्याने, स्वतःला ऐकू येत नाही म्हणून. पण कानात शांतता नव्हती. माग बंद झाले तरी डोक्यात चालूच असतात, असं त्याने एकदा सांगितलं होतं. एकच घूं, अखंड.

आणि खोलीचीही तीच तऱ्हा. भिंतीपलीकडे मागांचा कारखाना. फरशी, खाट, पाण्याचा हंडा, सगळं रात्रंदिवस थरथरत असायचं. हंड्यातल्या पाण्यावर कायम वर्तुळं असायची, आणि पाहुणे आले की तेच आधी बघत.

या सगळ्यातून उखाला एकच गोष्ट ऐकू यायची, ती म्हणजे डोकरा. कुंदनने सुताच्या बॉबिनच्या रिकाम्या लाकडी पेटीत एक मोठा भोंगा बसवला होता. उखा त्या पेटीवर तळहात ठेवून बसायचा. कुंदन खालचा जाड सूर धरायचा आणि बापाच्या चेहऱ्यावर काहीतरी हलायचं. सूर सोडला की उखा मान हलवायचा. बदलला की बोट वर करायचा. कधी म्हणायचा, "खाले उतर," आणि कुंदन खाली उतरायचा. बापलेकांत दिवसभरात जे काही बोलणं व्हायचं ते बहुतेक एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की कान गेले ते गेले. मग डोकराच कसा पोचतो, हे कुंदनला कधी कळलं नव्हतं. कळून घ्यायची गरजही पडली नव्हती.

*

कुंदनच्या हातून डोकऱ्याला दुसरं आयुष्य मिळालं ते चुकून. चातुर्मासात लग्नं बंद, बँड बसून. एकदा त्याने वरातीचं एक गाणं टेपवर भरलं आणि सेल उतरलेल्या टू-इन-वनवर लावलं. टेप रखडत चालली. गाणं निम्म्या चालीवर आलं, सूर खाली गेले, ढोल दूरच्या गावात वाजल्यासारखा वाटू लागला. कुंदन सेल बदलायला उठला तशी शेजारची सुंदरा दारातून म्हणाली, राहू दे की, पोरगं झोपलं माझं.

तेव्हापासून तो मुद्दाम संथ वाजवू लागला. भिंतीपलीकडच्या मागाची खटखट टेपवर घ्यायची, उतरलेल्या सेलवर ती मंद करायची, तिच्यावर डोकऱ्याचे लांब सूर धरायचे आणि दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर सगळं भरायचं. गाणं असं त्यात काही नव्हतं. पण रातपाळी करून सकाळी पत्र्याच्या खोलीत झोपायला येणाऱ्यांना ते हवं होतं. मागाचा आवाज मागानेच मारावा तसं ते होतं. कॅसेट हातोहात फिरली. लिंबायतमधून कडोदऱ्याच्या कारखान्यांपर्यंत गेली. लोक तिला 'निजानी कॅसेट' म्हणत, म्हणजे झोपायची कॅसेट.

त्यांना त्यात काय ऐकू येत होतं, ते मात्र ज्याचं त्याचं होतं. खानदेशातल्यांना त्यात गावाकडचं लग्न ऐकू यायचं: दुपारच्या उन्हात लांबून येणारी वरात, वाऱ्यावर आवाज वर-खाली होतोय, दिसत अजून काही नाही. हे समजण्यासारखं होतं. त्यांनी तेच ऐकत बालपण काढलं होतं. पण कारखान्यात कुंदनच्या शेजारच्या मागावर काम करणारा पांडुरंग परभणीचा. त्यांच्या गावात असलं वाद्य कधी आलंच नव्हतं, सनई आणि हलगी एवढंच. तोही म्हणाला होता, "गड्या, हे लावलं की मला आमचं गाव दिसतंय." कुंदनने विचारलं, कसं काय? तो विचार करून म्हणाला, "आवाज थरथरतोय ना, तेवढ्यानं."

ते कुंदनने त्या वेळी हसण्यावारी नेलं होतं.

*

वरातीच्या दुसऱ्या दिवशी लोटू घरी आला. खाटेवर बसला, चहा घेतला आणि सरळ विषयाला हात घातला. तसाही तो नवीन वाद्य घेणारच होता. त्यात शंभर आवाज होते, ढोलसुद्धा होता. दुकानदार जुनं वाद्य बदलीत घ्यायला तयार होता, मुंबईत अशा जुन्या पेट्यांना पुन्हा मागणी आली आहे म्हणे. अट एकच, ते चालू पाहिजे.

"आणि डोकऱ्याचा आवाज?" कुंदनने विचारलं.

"तोबी शे तिन्हामा. बटन दाबं का उना," लोटू म्हणाला. तोही आहे त्यात, बटण दाबलं की आला. मग उखाकडे बघून जरा आवाज उतरवला. उखासमोर आवाज उतरवायचं काही कारण नव्हतं, तरी. तो म्हणाला, की दाजींचं दुःख त्याला कळतं, पण बँडवर आठ घरं चालतात आणि लोक आता वरातीत नवीन गाणी मागतात. एका वेळी एक सूर काढणाऱ्यावर किती दिवस ओढायचं?

खोटं त्यात काही नव्हतं. कुंदनने एवढंच मागितलं की दुरुस्ती तो स्वतः करून आणेल आणि तोवर काही ठरवू नये. लोटू उठता उठता म्हणाला, "कर भो. चालू जाया तर दोन्हीस्नं भलं."

शहरात भागळच्या बाजूला जशवंतभाई नावाचे एक दुरुस्तीवाले होते. साठीचे, शांत, स्वच्छ हाताचे. रेडिओपासून सुरुवात केलेली. त्यांनी डोकऱ्याला टेबलावर ठेवलं, चारी बाजूंनी पाहिलं, लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाले, असा माल आता बनत नाही. कुंदनला बरं वाटलं. मग त्यांनी वरचं झाकण उघडलं आणि दिवा जवळ ओढून आत वाकले.

आत काळा लगदा होता. सरकवायच्या पट्ट्यांच्या खाचांमध्ये तेल आणि सुताची रुई बसून घट्ट झाली होती, थेट मागाच्या तळाशी असते तशी.

"आमां तेल कोणे नाख्युं?" जशवंतभाईंनी विचारलं. यात तेल कुणी घातलं?

कुंदन म्हणाला, माहीत नाही. ते खरंच होतं. त्यांनी चिमट्याने लगदा उचलून वर्तमानपत्रावर ठेवला आणि डोकं हलवलं. रागावले नाहीत. हे चाललं कसं याचंच त्यांना नवल वाटत होतं. ठेवून जा म्हणाले, सगळं धुऊन काढतो.

*

डोकरा दहा-बारा दिवसांनी घरी आला तो एका रविवारी. वीजपुरवठ्याचा भाग बदललेला, आतली घाण पेट्रोलने धुतलेली, पट्ट्या बोटाने ढकलल्या की लोण्यातून जाव्यात तशा सरकत होत्या. कुंदनच्या आईने, सरलाबाईने, त्याला हळदकुंकू लावलं. उखा आधीच पेटीजवळ येऊन बसला होता, तळहात पेटीवर.

कुंदनने अर्धा तास डोकऱ्याला 'चहा' पाजला. मग खालचा जाड सूर धरला.

सूर सरळ निघाला. दोरी ताणून बांधावी तसा, जराही न हलता. कुंदनने डोकऱ्याचा इतका स्वच्छ आवाज आजवर ऐकला नव्हता. त्याने आवाज वाढवला आणि बापाकडे पाहिलं.

उखा वाट बघत होता.

कुंदनने दुसरा सूर धरला. मग तिसरा. आवाज इतका वाढवला की सुंदरा दारात येऊन उभी राहिली. उखाने तळहात उचलला, पेटीवर दुसऱ्या जागी ठेवला, मग पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि मोठ्याने, अजिबात राग न ठेवता म्हणाला, "चालू कर ना रे भो."

सुंदरा निघून गेली. सरलाबाई पदर तोंडाला लावून आत वळली. कुंदनने सूर सोडला नाही, सोडायला त्याचं बोट तयार होईना.

नंतर त्याने पेटीवर स्वतःचा हात ठेवून पाहिला. पेटी थरथरत होती. पण ती सूर नसतानाही थरथरायची, भिंतीपलीकडच्या मागांमुळे. डोळे मिटून हात ठेवला की डोकरा कधी चालू आणि कधी बंद, हे त्यालाही सांगता येईना. सरळ थरथरीत सरळ थरथर मिसळून जात होती. बापाच्या डोक्यातलं घूंही सरळच. आधीचा डोकरा त्या सगळ्यातून वेगळा पडायचा, कारण तो सरळ कधी चाललाच नव्हता. तो डुलायचा. पांडुरंग जे म्हणाला होता, ते हेच होतं.

कारखान्याच्या सुट्टीला गल्लीभरची वीज बंद असते तेव्हा माग थांबतात, भिंत गप्प होते. पण तेव्हा डोकऱ्यालाही वीज नसते, आणि बँडचा जनरेटर आणला तर त्याची धडधड आलीच.

त्याने आईला विचारलं, वाद्यात तेल कुणी घातलं? भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुन्हा बाप टाके. दर शनवारे." तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. शनिवारी सुट्टी झाली की उखा आपल्या मागाला तेल घालून यायचा आणि कुपीत उरलेलं दोन थेंब डोकऱ्याला. यंत्राला तेल नाही घातलं तर यंत्र करकरतं, हे मागावरच्या कुणालाही माहीत असतं. डोकऱ्याच्या सरकत्या पट्ट्या करकरायला लागल्या होत्या, त्याने तेल घातलं. काम सुटल्यावरही कुपी त्याने ठेवली होती. कुंदनने शनिवारी बापाला डोकरा पुसताना कित्येकदा पाहिलं होतं. पुसतोय असंच वाटलं होतं.

*

कुंदन पुन्हा दुकानात गेला तेव्हा जशवंतभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग समजावून सांगितलं, तेही शिक्षकासारखं नव्हे, घरच्या माणसाला सांगावं तसं. तेलावर रुई बसली, रुईमुळे आतली पत्ती नीट टेकेना. कधी टेके, कधी सुटे. त्यामुळे सूर डुले. पंधरा वर्षांत ते मुरत गेलं. त्यांच्या लेखी तो बिघाड होता, आणि समोर बिघाड दिसला तर दुरुस्त न करणं त्यांना जमलं नसतं. काय चाललं आहे हे आधी सांगितलं असतंस, तर विचार केला असता, एवढं ते म्हणाले. मला तरी कुठे माहीत होतं, असं कुंदन म्हणाला.

कंप परत बसवता येईल का? एक यंत्र असतं, ते जोडलं तर सूर ठरावीक वेगाने हलवता येतो, जशवंतभाई म्हणाले. त्यांनी तिथेच दुकानातल्या एका वाद्याला जोडून दाखवलं. सूर हलला, पंख्याच्या पात्यासारखा, प्रत्येक वेळी तेवढाच. कुंदनने नकारार्थी मान हलवली. माग तसाच चालतो.

"फिर तेल ही डालो," जशवंतभाई शेवटी हिंदीत म्हणाले, आणि ते चेष्टा करत नव्हते. पण मग दोन गोष्टी लक्षात ठेव, असं त्यांनी बजावलं. मुरायला पंधरा वर्षं लागली ते आठ दिवसांत मुरेल याची खात्री नाही. आणि या वेळी पत्ती गेली तर तसली पत्ती कुठे मिळत नाही. डोकरा मग खरंच संपला.

लोटूने नेमक्या त्याच आठवड्यात डोकऱ्याची तान ऐकली आणि तो खूश झाला. पहिल्यांदाच क्लॅरिनेटवाल्याला स्वर शोधावा लागला नव्हता. दुकानदाराचा माणूस मंगळवारी, तीन जूनला येऊन बघणार, चांगलं वाजलं तर डोकरा घेऊन नवीन पेटी ठेवून जाणार. कुंदनने लोटूला सगळं सांगितलं. आबांना, म्हणजे बापाला, आता डोकराही ऐकू येत नाही, हेही सांगितलं.

लोटू बराच वेळ गुडघ्यावर बोटांनी ताल धरत राहिला. तो ताल जुन्या एका वरातीचा होता. दोघांनाही ओळखू आला. उखाने आणि त्याने मिळून पहिल्या वर्षी हातगाडी ओढली होती, गाडीला रंगही दोघांनी दिला होता.

"तेल टाकशी तर दुकानवाला लेवाव नही," तो म्हणाला. घेणार नाही.

"माहीत आहे, मामा."

"आणि कंप उना नही तर?"

लोटूने उठून चपला घातल्या. दारात थांबून एवढंच म्हणाला, की मंगळवारपर्यंत डोकरा तुझ्याकडे आहे, त्याचं काय करतोस ते मी बघायला येणार नाही. हो किंवा नाही यातलं त्याने काहीच म्हटलं नाही, आणि कुंदनला त्याहून जास्त मागता आलं नसतं.

*

शनिवारी दुपारी पाळी सुटल्यावर कुंदन घरी आला. येताना त्याने मागाखालची रुई मूठभर कागदात बांधून आणली होती. रस्ताभर ती पुडी खिशात असताना त्याला आपण काहीतरी चोरून नेतोय असं वाटत होतं, खरं तर ती रुई झाडून उकिरड्यावरच जाते.

स्वतः तेल घालायचा त्याचा विचार होता. झाकणावरचे स्क्रू काढले, कुपी घेतली, आणि हात तिथेच थांबला. किती, कुठल्या पट्टीला, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने कुपी बापासमोर धरली आणि ओठ हलवत सावकाश म्हटलं, "आबा, शनवार शे."

उखाने कुपी घेतली. उघड्या डोकऱ्याच्या आत पाहिलं, धुतलेल्या स्वच्छ खाचा पाहिल्या, आणि कपाळाला आठी घातली. इतकी दुर्दशा झाल्यावरही पोराने तेल घातलं नव्हतं, असाच बहुधा त्याचा समज झाला. "कोल्ला पडेल शे," तो खेकसला. कोरडा पडलाय. मग गुडघ्यावर वाकून त्याने डावीकडच्या दोन पट्ट्यांत एकेक थेंब सोडला, बोटाने पसरवला, तेलकट बोट लाकडी फळीला पुसलं. कुंदनने रुई पुढे केली तेव्हा त्याने ती हातात घेऊन पाहिली आणि बाजूला ठेवली. रुई घालायची नसते, तीच येते, असं काहीसं पुटपुटला.

शनिवारी सूर सरळ होता. रविवारीही सरळ. सरलाबाईने विचारणं सोडून दिलं. सुंदरा येऊन गेली, जाताना दार ओढून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी पाळी करून आल्यावर कुंदनने पुन्हा डोकरा चालू केला आणि खालचा सूर धरला. उखा पेटीवर हात ठेवून होता, नजर समोरच्या भिंतीवर. सूर चालत राहिला. मग एकदा, श्वासभर, तो खाली गेला आणि परत वर आला. नक्की गेला की गल्लीतून टेम्पो गेला म्हणून तसं वाटलं, हे कुंदनला सांगता आलं नसतं.

उखाचं बोट वर झालं होतं.

कुंदनने तो सूर तसाच धरून ठेवला. अंधार पडेपर्यंत तो पुन्हा हलला नाही. उखाने बोट खाली घेतलं, पण हात पेटीवरून काढला नाही. दुकानदाराचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला येणार होता.